गाडीच्या पुढच्या काचेवरचे चरे: कुठले घालवायचे, कुठल्यांना हात लावायचा नाही

संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पश्चिमेकडे निघालं की सूर्य थेट समोर येतो आणि दिवसभर स्वच्छ वाटलेल्या काचेवर चऱ्यांचं जाळं उमटतं. पावसाळ्यात रात्री समोरच्या हेडलाइटमुळेही हेच होतं. प्रत्येक बारीक रेघ प्रकाश फाकवते आणि रस्ता ओलांडणारा माणूस त्या लखलखाटात दिसेनासा होतो. म्हणून या चऱ्यांकडे दुर्लक्ष करू नये. पण उतावीळपणाही करू नये, कारण तो जास्त महागात पडतो. चरा घालवण्याच्या नादात एकाच जागी पॉलिशचं मशीन धरून ठेवलं की काच तिथे किंचित खोलगट होते. मग तिच्यातून पाहिल्यावर पुढची गाडी, विजेचा खांब, लेनचा पट्टा हलल्यासारखा दिसतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. बारीक चऱ्याची डोळ्यांना सवय होते, लहरी काचेची होत नाही.

त्यामुळे पुढे जे काही सांगतो आहे त्यात क्रम ठरलेला आहे: काचेतून सरळ दिसणं आधी, चरा जाणं नंतर.

काचेबद्दल एवढं माहीत हवंच

पुढची काच लॅमिनेटेड असते. साधारण दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटरचा थर, अशी तिची रचना. दगड बसला तरी ती तडकते पण अंगावर कोसळत नाही, ते या मधल्या थरामुळे. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतात. त्या फुटल्या की बोथट बारीक तुकडे होतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेल्या खुणा पाहा. तिथे कंपनीचं नाव आणि आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा क्रमांक सापडेल. पुढे कधी काच बदललीच तर नव्या काचेवरही हे तपासायचं आहे.

म्हणजे घासायला आपल्या हातात असते ती फक्त बाहेरची दोन मिलिमीटरची काच, आणि त्यातलाही केसापेक्षा पातळ थर. तेवढ्यात जे निघेल ते निघेल.

आता चरे पडतात कसे? काचेचा कठीणपणा मोह्सच्या एक ते दहाच्या मापावर साधारण साडेपाच. वाळूत असतं ते क्वार्ट्ज सात. वाळूचा एक कण फडक्याखाली किंवा वायपरखाली सापडला की तो काच कोरणारच. आणि मुंबईत या कणांना तोटा नाही. दादर, चेंबूर, मुलुंड, बोरिवली, कुठेही जा, गल्लीत एक तरी इमारत पुनर्विकासाला गेलेली असते. शिवाय मेट्रोची कामं आणि रस्त्यांचं काँक्रिटीकरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी वेगळी नियमावली काढावी लागली, यावरून काय ते समजा. हीच धूळ रात्रभर आपल्या काचेवर बसते, आणि सकाळी कुणीतरी ती कोरड्या फडक्याने पुसतं.

पहिली पायरी: तो चरा आहे की डाग?

मशीन आणण्याआधी काच नीट धुवा. घाई करून ही पायरी गाळू नका, कारण ज्याला आपण चरे समजतो त्यातलं बरंच काही निव्वळ साका असतो.

गाडी सावलीत लावा, काच गार होऊ द्या. आधी मगाने किंवा पाइपने भरपूर पाणी वरून खाली सोडा. हात लावायचा नाही. वायपर उचलून त्यांच्या खालची जागाही धुवा, कारण जास्तीत जास्त रेती तिथेच अडकलेली असते. मग बादलीत थोडा कार शाम्पू घालून मायक्रोफायबरच्या कापडाने, कापड पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत, हलक्या हाताने पुसा. खाली पडलेलं कापड पुन्हा काचेला लावू नका. शेवटी स्वच्छ पाणी आणि कोरडं मायक्रोफायबर.

एवढं करूनही पांढुरके गोल डाग राहिले असतील तर ते बहुधा क्षारांचे. बोअरिंगच्या किंवा टँकरच्या पाण्याने गाड्या धुतल्या जातात अशा सोसायट्यांत हे हमखास दिसतं. पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी एकत्र करून कापड त्यात भिजवा, डागावर पाच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगर रंगावर ओघळून वाळू देऊ नका. शेजारच्या बांधकामावरून उडालेले सिमेंटचे थेंबही याच उपायाने भुसभुशीत होतात. ते नखाने किंवा किल्लीने खरवडू नका. भिजवा, थांबा, पुन्हा भिजवा.

काचेवरून ओला हात फिरवला आणि खरखर लागली तर क्ले बार वापरा. ही मातीसारखी मऊ वडी कार अॅक्सेसरीजच्या दुकानात मिळते. काच शाम्पूच्या पाण्याने निसरडी ठेवून ती हलकेच फिरवायची; झाडाचा चीक, ब्रेकची लोखंडी भुकटी, डांबराचे ठिपके ती उचलते. तेलकट थर डिझेलच्या धुराचा असतो आणि पहिल्या पावसात वायपर फिरला की तो इंद्रधनुषी होऊन पसरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो. आतल्या बाजूचा धुरकट पडदा वेगळा: उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ काचेवर बसते. तोही पुसला की जातो.

इतकं झाल्यावर जे उरेल ते खरे चरे.

दुसरी पायरी: चऱ्यांची खोली आणि जागा

नखाची परीक्षा साधी आणि भरवशाची आहे. चऱ्याला आडवं नख फिरवा.

नख अजिबात अडकलं नाही, रेघ फक्त उजेडात दिसते, तर तो वरवरचा चरा. तो घरी पॉलिशने जाऊ शकतो. नख किंचित अडकल्यासारखं वाटतं तो मधला; तो पुसट होईल, पूर्ण जाईलच असं नाही. नख सरळ खाचेत बसतं तो खोल चरा. तो घालवायचा म्हणजे आजूबाजूची काच तितकीच खाली आणायची, आणि तिथेच काच लहरी होते. अशा चऱ्यावर घरी काम करू नका.

मग जागा पाहा. चालकाच्या सीटवर नेहमीसारखं बसून समोर बघा. स्टीअरिंगच्या सरळ वर, वायपर पुसतो तो भाग सगळ्यात नाजूक. तिथे मधल्या खोलीचा चरा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तो राहू द्या किंवा जाणकाराला दाखवा. प्रवाशाच्या बाजूला किंवा खालच्या पट्टीत असेल तर प्रयत्न करायला हरकत नाही. आरशाच्या मागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत, ज्या लेन सांभाळतात आणि आपोआप ब्रेक लावतात, त्या कॅमेऱ्यासमोरच्या काचेला घरी मशीन लावूच नये. पाऊस ओळखणारा सेन्सर असेल तर त्याच्या समोरचा भागही सोडा.

सगळे चरे सापडले की काचेच्या आतल्या बाजूने प्रत्येकाभोवती मास्किंग टेपचे तुकडे चिकटवा. बाहेरून पॉलिशचा चिखल पसरला की चरा कुठे होता ते कळत नाही. आतली टेप तेव्हा उपयोगी पडते.

तिसरी पायरी: आधी कारण बंद करा

चऱ्याचा आकारच त्याचं कारण सांगतो. कमानीसारखी, वायपरच्या वाटेने गेलेली रेघ म्हणजे रबरात अडकलेली रेती किंवा झिजलेल्या रबरातून बाहेर आलेली धातूची पट्टी. आडवेतिडवे, गोल गोल बारीक ओरखडे म्हणजे कोरडं फडकं. दाराच्या काचेवरच्या उभ्या रेघा काच वर-खाली होते त्या खाचेतल्या धुळीच्या. ही खाच ओल्या ब्रशने साफ केली की त्या वाढत नाहीत.

कारण तसंच ठेवून पॉलिश केलं तर मेहनत वाया गेली. वायपरचं रबर दोन बोटांत धरून ओल्या कपड्याने टोकापासून टोकापर्यंत पुसा. कापड काळं निघतं ते ठीक, पण रबर कडक झालं असेल, चिरा दिसत असतील, टोकाशी फाटलं असेल तर बदला. मुंबईच्या उन्हात एप्रिल-मेपर्यंत रबराची पार वाताहत झालेली असते, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यातच, नवी ब्लेड बसवावीत. ब्लेड काढताना काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. ब्लेडशिवायचा वायपरचा हात स्प्रिंगने सुटून काचेवर आपटला तर काच तडकते, आणि एवढ्याशा दुर्लक्षापायी सबंध काच जाते.

कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नका. आधी वॉशरचं पाणी, मग वायपर. नोझल बुजलं असेल तर बारीक सुईने मोकळं करा. टाकीत वॉशर फ्लुइड किंवा निदान स्वच्छ पाणी घाला. कपड्यांची पावडर घालू नका. ती वाळली की नोझलमध्ये बसते आणि काचेवर पट्टे सोडते.

आणि गाडी पुसणारे दादा. सोसायटीत पहाटे वीस-पंचवीस गाड्या एका बादलीत उरकायच्या म्हटल्यावर त्यांच्याकडून काचेची बडदास्त कशी राखली जाणार? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर कापडं स्वतः आणून द्या, एक फक्त काचेचं. सांगा: "दादा, काचेला आधी पाणी मारा, मग पुसा. पाणी नसेल त्या दिवशी काच पुसू नका, तशीच राहू द्या." महिन्याचे पैसे थोडे वाढवून द्या. धुळकट काच एक दिवस राहिली तर काही बिघडत नाही, कोरडी पुसली तर बिघडतं. पाणीकपातीच्या दिवसांत स्प्रेची एक बाटली भरून गाडीतच ठेवली तर निमित्तही उरत नाही.

ज्याचा उपयोग नाही

टूथपेस्ट सगळे सुचवतात. तिच्यातली भुकटी दातांसाठी बनलेली असते, काचेच्या मानाने मऊ. काच स्वच्छ होते आणि चरा गेल्यासारखा वाटतो, दोन दिवसांनी पुन्हा दिसतो. खाण्याच्या सोड्याचंही तेच. नखांचं रंगहीन पॉलिश चऱ्यात भरलं तर उन्हात ते पिवळं पडतं, सोलतं आणि त्याच्या कडेवर प्रकाश जास्तच फुटतो. रंगाचं रबिंग कंपाऊंड किंवा हेडलाइटचं पॉलिश प्लॅस्टिक आणि रंगासाठी आहे, काचेवर ते निष्प्रभ. पाणी घसरवणारं कोटिंग पावसात खरंच छान काम करतं, पण ते चरा भरत नाही. सँडपेपर कितीही बारीक असला तरी काचेला लावू नका. आणि चऱ्यांवर फिल्म चिकटवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० क्रमांकाचा नियम आहे.

चौथी पायरी: सामान

काचेवर खऱ्या अर्थाने काम करतं ते सीरियम ऑक्साइड. चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या भिंगांना शेवटचं पॉलिश याच भुकटीने होतं. ती काचेला नुसती घासत नाही. पाण्याच्या संपर्कात काचेचा अगदी वरचा थर किंचित मऊ होतो आणि सीरियम त्याच्याशी रासायनिक क्रिया करून तो उचलत नेतो. म्हणून पाणी संपलं की काम थांबतं आणि उरते फक्त उष्णता. हे नीट डोक्यात बसलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप समजतात.

भुकटी पांढरट, गुलाबीसर किंवा तपकिरी असते. ऑप्टिकल ग्रेड मागा. काच-पॉलिशचं तयार किट ऑनलाइन मिळतं, त्यात भुकटी, फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) पॅड आणि ड्रिलला लावायची चकती असते. पहिल्यांदा करणाऱ्याला तेच सोयीचं. सुटं घ्यायचं तर पॅड आणि चकतीसाठी नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात आणि भुकटीसाठी प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत विचारा. गाडीच्या बाकी सटरफटर वस्तूंना कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच.

याशिवाय वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल किंवा पॉलिशर, तीन इंची फेल्ट पॅड, पाण्याची स्प्रे बाटली, मास्किंग टेप, प्लॅस्टिकची चादर, पाच-सहा मायक्रोफायबर कापडं, नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा. बॅटरीवरचं ड्रिल असेल तर उत्तम. सोसायटीच्या मीटर रूममधून वायर ओढून पाणी मारत काम करणं धोक्याचं आहे. वायर वापरावीच लागली तर जोडणी जमिनीवर ठेवू नका आणि ओल्या हाताने बोर्डाला हात लावू नका.

पाचवी पायरी: पॉलिश

दिवस निवडा. ऊन नको, पाऊस नको. मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ सगळ्यात चांगली, नाहीतर बेसमेंट किंवा स्टिल्ट पार्किंग. उन्हात उभ्या गाडीची काच गार व्हायला वेळ द्या. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतून ती गार करायला जाऊ नका.

बोनेट, वायपरखालची जाळी, काचेच्या कडेची रबरं आणि छताची कड प्लॅस्टिक आणि टेपने झाका. हा चिखल वाळला की जाळीच्या फटींतून काढताना जीव जातो.

भुकटीत थोडं थोडं पाणी घालून कालवा. ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा पातळ झालं की थांबा. भुकटी हाताळताना मास्क घाला, कोरडी उडू देऊ नका. पॅड पाण्यात भिजवून पिळून घ्या, मग त्याला हे मिश्रण लावा.

पहिला प्रयत्न चऱ्यावर करू नका. प्रवाशाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात थोडी जागा घ्या आणि हात बसवा. मशीन बंद असतानाच पॅड काचेवर टेकवून मिश्रण थोडं पसरवा, मग हळू वेगावर चालू करा, नाहीतर पहिल्याच फेऱ्यात सगळं तोंडावर उडेल. नंतर वेग मिनिटाला १००० ते १५०० फेऱ्यांपर्यंत न्या. त्यापुढे जायची गरज नाही.

पॅड सपाट टेकलेला राहू द्या, कड टेकवू नका. दाब मध्यम, मशीनचा आवाज बसू लागला तर दाब जास्त झाला. आणि पॅड सतत फिरता ठेवा: चऱ्याची लांबी जितकी, त्याच्या चहूबाजूंनी निदान चार-पाच इंच जास्त जागेत, आधी आडवा, मग उभा, एकावर एक येणाऱ्या पट्ट्यांत. नेमक्या रेघेवर थांबून घासण्याचा मोह फार होतो, तेवढा टाळा. तिथेच खड्डा पडतो.

अर्ध्या-एक मिनिटाने पाण्याचा हलका फवारा. मिश्रण वाळून पांढरं दिसू लागलं, पॅड खेचल्यासारखा वाटला, की लगेच पाणी. दर एक-दोन मिनिटांनी मशीन उचला आणि हाताची मागची बाजू काचेला लावा. कोमट चालेल. हात ठेवून राहवत नसेल इतकी गरम असेल तर थांबा आणि आपोआप गार होऊ द्या. एकाच भागातली उष्णता लॅमिनेटेड काचेला तडकवते, आणि आधीपासून कुठे खडा लागून टवका उडालेला असेल तर तडा तिथूनच धावतो. असा टवका असेल तर तो आधी भरून घ्या, पॉलिश नंतर.

पाच-सात मिनिटांनी तो भाग पूर्ण पुसून, धुऊन, कोरडा करून बघा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की उरलेले चरे दिसतात. ओल्या काचेवर चरा दिसत नाही, त्यामुळे ओलं पाहून समाधान मानू नका. वरवरचे चरे असतील तरी तळहाताएवढ्या जागेला अर्धा-पाऊण तास सहज जातो. धीर हवा. तासभर घासूनही फरक नसेल तर तो चरा तुमच्या आवाक्यातला नाही. तिथे दाब वाढवायचा नाही, काम थांबवायचं.

प्रत्येक फेरीनंतरची तपासणी

आत चालकाच्या जागेवर बसा. समोर काहीतरी सरळ रेघेचं निवडा: इमारतीच्या गॅलरीचा कठडा, खिडकीचं ग्रिल, दिव्याचा खांब. पॉलिश केलेल्या भागातून ते बघत डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे आणि वर-खाली न्या. रेघ सरळ राहिली पाहिजे. ती जराही वाकली, तरंगली, तर त्या जागी यापुढे पॅड लावायचा नाही, चरा अर्धा उरला असला तरी. शेजारच्याला बोलावून त्यालाही बघायला सांगा, आपल्याला आपल्या मेहनतीची माया असते.

समाधान झालं की मिश्रण वाळायच्या आत सगळं धुऊन काढा. टेप काढा, रबरांच्या फटी ओल्या ब्रशने साफ करा, वायपरची रबरं पुसा. मग रात्री एकदा गाडी बाहेर काढून दिव्यांच्या रस्त्यावर खात्री करा. दिवसा न दिसलेला धूसरपणा तेव्हा कळतो. तो असेल तर नव्या पॅडने आणि पातळ मिश्रणाने, कमी दाबाने एक फेरी द्या.

खोल चरे, खडा लागलेली काच आणि कारागीर

खोल चऱ्यासाठी कारागीर आधी बारीक होत जाणाऱ्या घासणाऱ्या चकत्या वापरतात आणि शेवटी सीरियमवर येतात. हे काम येणारा माणूस आणि नुसता रंगाचं बफिंग करणारा माणूस यांत फरक आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा: काचेसाठी कुठलं मटेरियल वापरता, लहर पडली तर जबाबदारी कुणाची, आणि आधी केलेली एखादी गाडी आतून बघायला मिळेल का. "एकदम नवीन करून देतो, दहा मिनिटांत" असं कुणी म्हणालं तर गाडी घेऊन परत या. चालकाच्या नजरेसमोरचा खोल चरा असेल तर चांगला कारागीर स्वतःच काच बदला म्हणेल, आणि त्यावर विश्वास ठेवावा.

खडा लागणं हे प्रकरण निराळं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर खडीच्या ट्रकमागे राहिलात की कधी ना कधी टक् होतंच. गोल किंवा तारेसारखा टवका पॉलिशने जात नाही. त्यात निर्वात पंपाने रेझिन भरून अतिनील दिव्याखाली घट्ट करतात. एक इंचाच्या आतला, काचेच्या कडेपासून लांब असलेला टवका बहुधा असा वाचतो. टवका पडल्या पडल्या त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, आणि दुरुस्तीपर्यंत उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नका. त्या फरकाने तडा लांबतो.

काच बदलायची वेळ आली तर

विमा आधी बघा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत काच येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत अपघाताने फुटलेली काच येते, आणि काचेच्या भागांवर घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) कापला जात नाही. मात्र ठरलेली रक्कम आपल्याला भरावी लागते: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्यावरच्या गाडीला २०००. वापराने पडलेले चरे ही झीज समजली जाते, त्यासाठी दावा मिळत नाही. दावा केल्यावर नो क्लेम बोनसवर, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर, परिणाम होतो का, हे आपल्या पॉलिसीत वाचून किंवा कंपनीला विचारून घ्या. सलग पाच वर्षं दावा नसलेल्याचा बोनस ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. साध्या गाडीच्या काचेसाठी तो घालवण्यापेक्षा कधी कधी खिशातून पैसे देणं परवडतं. आकडे मांडून ठरवा.

काच बसवताना समोर उभं राहा. जुना डिंक किती कापला, लोखंडी चौकटीवर गंज आहे का, प्रायमर लावला का, हे बघा. समुद्राजवळच्या सोसायट्यांत चौकटीला गंज सापडणं नवल नाही, आणि त्यावरच नवी काच चिकटवली तर पुढच्या पावसात पाणी डॅशबोर्डवर येतं. ही काच छताला आधार देते आणि प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग उघडताना तिलाच टेकते. त्यामुळे चिकटवणारं युरेथेन पूर्ण धरायला कारागीर सांगेल तेवढा वेळ गाडी हलवू नका. पहिले एक-दोन दिवस दारं आपटू नका, एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि प्रेशरने गाडी धुऊ नका. भर पावसात उघड्यावर काच बसवून घेऊ नका. कॅमेरा असलेल्या गाडीत काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करावंच लागतं. ते बिलात वेगळं लिहून घ्या.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: फास्टॅग जुन्या काचेबरोबर जातो. तो सोलून नव्या काचेवर लावता येत नाही, सोलताना निकामी होतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, पण सी लिंक, अटल सेतू आणि एक्स्प्रेसवेला फास्टॅग लागतोच. काच बदलायचा दिवस ठरला की ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे बदली टॅग मागवून ठेवा. आणि नव्या काचेवर जुने वायपर चढवू देऊ नका. त्याच दिवशी नवी ब्लेड बसवून घ्या.